पात्रांवचा डावा हात

आमच्या गणपतीच्या शाळेत, म्हणजे ज्या लांबट खोलीत आम्ही मूर्ती करतो तिथे, खिडकीच्या, आमच्या भाषेत जनेलाच्या, वर एक गोरा माणूस टांगलेला आहे. दर चवथीआधी झाडलोट करताना बायको म्हणते, "काढा की तो आता. अर्धा कसरीने खाल्लाय, अर्धा बुरशीने." मी हो म्हणतो आणि काढत नाही. शिडी आणा, चढा, गंजलेल्या खिळ्याशी झटापट करा, एवढी हौस आता कुणाला आहे? पणजीच्या सरकारी कचेरीत जन्मभर कागद सरकवले, दर पावसाळ्यात साठवलेली रजा काढून मूर्ती केल्या. नोकरी एकदाची संपली, गणपती काही संपत नाहीत. कंबर म्हणते पुरे, गुडघे म्हणतात पुरे, आणि नागपंचमी जवळ आली की लोक आपापले पाट घेऊन दारात हजर.

पाटाचं सांगायला हवं. आमच्या डिचोलीकडे प्रत्येक घराचा गणपतीचा पाट ठरलेला असतो. घरातलं माणूस तो पाट, वर नारळ-सुपारी ठेवून, चिताऱ्याकडे आणून देतं. आम्ही पाटाच्या मागे खडूने खूण करतो आणि त्याच पाटावर त्यांची मूर्ती बसवतो. एका घराचा पाट पिढ्यानपिढ्या एकाच चिताऱ्याकडे. पाट दिला म्हणजे शब्द दिला. आणि पाट परत नेला म्हणजे काय, ते मला आयुष्यात एकदाच बघायला मिळालं, तेवढं पुरलं.

भिंतीवरच्या माणसाला आम्ही पात्रांव म्हणायचो. पात्रांव म्हणजे आमच्याकडे धनी, बडं प्रस्थ. तो घरात आला माझ्या जन्माआधी. पोर्तुगीज जायच्या सुमाराला बाबांना बार्देशातल्या एका ख्रिस्ती भाटकाराच्या, म्हणजे जमीनदाराच्या, घरी बोलावणं आलं होतं. घरच्या देवळीतल्या लाकडी सायबिणीचा, त्यांच्या मेरीमातेचा, रंग उडाला होता, तो परत द्यायचा होता. बाबांनी दिला. देव कुणाचा का असेना, रंग चढवताना हात सारखाच चालतो, असं ते म्हणायचे. पुढे ती माणसं सगळं आवरून लिस्बनला निघाली तेव्हा घरच्या म्हाताऱ्या बाईने भिंतीवरचा हा माणूस उतरवून बाबांच्या हातात दिला. म्हणाली, तूही चितारी, हाही चितारी, घेऊन जा. बाबांनी तो धोतरात गुंडाळून मांडीवर घेऊन घरी आणला.

चित्र काळ्या शाईचं, कागदावर छापलेलं. रंगाचा टिपूस नाही. डोक्यावर कुरळ्या केसांचा टोप, अंगात मखमलीचा कोट, मान जराशी वळवलेली, जणू आपण मधेच हाक मारली आणि तो "काय कटकट आहे" म्हणून वळला. उजव्या हाताच्या अंगठ्यात रंगाची फळी अडकवलेली आणि डाव्या हातात कुंचला. खाली परक्या लिपीत दोन ओळी. त्याचा अर्थ त्या बाईने बाबांना सांगितला होता, की हा राजाच्या पदरचा चितारी.

लहानपणी मी त्या चित्राकडे फार बघायचो. जवळ गेलं की माणूस नाहीसा व्हायचा आणि नुसत्या रेघा दिसायच्या. गालावर रेघा, कोटावर रेघावर रेघा, सावली म्हणजे दाट रेघा आणि उजेड म्हणजे रेघ न मारलेली जागा. डोळ्यातली चमकसुद्धा कुणी वरून पांढऱ्याने दिलेली नव्हती, तेवढा कण कागद मोकळा सोडला होता. गणपतीच्या डोळ्यात आम्ही चमक शेवटी वरून द्यायचो. ही उलटी रीत बघून मी थक्क व्हायचो.

पण खरी गोष्ट त्याच्या डाव्या हाताची. कारण मी डावरा.

डावरा मुलगा चिताऱ्याच्या घरात जन्मणं म्हणजे काय, ते डावऱ्यालाच विचारा. जेवताना आई डावा हात मांडीखाली दाबून ठेवायला लावायची. शाळेत मास्तरांनी पट्टीने बोटं सोलून काढली, म्हणून लिहायला मी उजव्याने शिकलो, अक्षर अजून कोंबडीने माती उकरल्यासारखं आहे. पण माती हातात आली की डावा हात कुणाला विचारायला थांबायचा नाही. बाबा बघायचे आणि बघून न बघितल्यासारखं करायचे. माती मळणं, आसन, उंदीर, पितांबराच्या निऱ्या, सोनेरी किनार, सगळं त्यांनी मला डाव्याने करू दिलं. फक्त डोळे नाहीत. डोळे शेवटी आखायचे असतात. तोवर ती माती, डोळे आखले की देव. आणि देवाचे डोळे डाव्या हाताने? कुणाच्या मनातही आलं नसतं.

दोन महिने घाम गाळा आणि शेवटच्या दिवशी हात बांधून बाजूला बसा. विशीत आल्यावर मला त्याचा संताप यायला लागला. डोळे आखत नाही तो कसला चितारी? तो गवंड्याच्या हाताखालचा माणूस. मी हे बाबांना तोंडावर सांगितलं होतं. ते म्हणाले, "मग उजव्यान शीक." झालं, विषय संपला. बाबांशी वाद घालणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

गोवा राज्य झालं त्या वर्षाची चवथ. आदल्या पावसानंतर भाषेच्या आंदोलनात रस्त्यांवर झाडं आडवी पडली होती, बसगाड्या बंद, पोदेर पावाचे उंडे घेऊन यायचा तोही बंद. आमच्या घरात बोलणं कोंकणी, माझं अर्धं मराठीत, वाचणं मराठी, आरती मराठी आणि शिवी दोन्हीत, त्यामुळे कुणाच्या बाजूने ओरडायचं ते आम्हाला शेवटपर्यंत कळलं नाही. एवढं खरं, की नवं राज्य म्हणजे नव्या कचेऱ्या, आणि मी कारकुनीचा अर्ज टाकून ठेवला होता. चितारी म्हणून मला डोळेच मिळणार नसतील तर टेबलखुर्ची काय वाईट, असा माझा राग होता.

त्या वर्षी बाबांच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकला. डॉक्टर म्हणाले पाऊस सरल्यावर काढू. चवथ चार दिवसांवर आली. सगळे गणपती रंगून रांगेत बसले होते, पांढऱ्या, रिकाम्या डोळ्यांचे. बाबांनी पहिल्या मूर्तीला कुंचला लावला. एक डोळा बरोबर आला, दुसरा कानाकडे निघाला. पुसला, परत आखला, परत निघाला. तिसऱ्या वेळी त्यांनी कुंचला पाण्यात टाकला आणि तसेच बसून राहिले. मी त्यांना कधी असं बसलेलं बघितलं नव्हतं.

"तूं आख," ते म्हणाले. "उजव्यान."

मी एका फुटक्या मूर्तीवर उजव्याने आखून दाखवले. बाबांनी ती मूर्ती नाकाजवळ नेली. "हो गणपती मोदकाक पळयता, काय उंदराक?" ते म्हणाले, म्हणजे बघतो तरी कुणाकडे. एरवी मी हसलो असतो. पण मला ते इतकं लागलं, की मी भिंतीकडे बोट करून ओरडलोच, "मग डाव्यान आखूं? तो पळयात तुमचो पात्रांव! राजाचो चितारी! तोय डाव्यानच रंगयता!"

बाबा उठले. आमची जुनी कदेल, लाकडी खुर्ची, ओढून जनेलाखाली नेली, तिच्यावर चढले आणि काचेला नाक लावून बराच वेळ पात्रांवकडे बघत राहिले. मी खाली कदेल धरून उभा. मला वाटलं आता पडतात आणि वर माझ्यावरच खापर फुटतं. मग ते सावकाश उतरले, चष्मा धोतराला पुसला आणि मला म्हणाले, "बरें. डाव्यान आख. मागीर हात कांपता म्हूण सांगूं नाका."

पहिल्या डोळ्याची रेघ एका दमात आली, दुसरी तिच्या जोडीला बसली. चमक मी पात्रांवच्या रीतीने दिली, वरून न देता पांढरी जागा मोकळी सोडून. बाबा शेजारी बसून एकेक पाट पुढे सरकवत होते. बरं म्हणाले नाहीत, वाईट म्हणाले नाहीत. संध्याकाळपर्यंत अर्धी रांग आमच्याकडे बघायला लागली होती. इतका आनंद मला पुढे नोकरीच्या पत्रानेही झाला नाही.

दुसऱ्या दिवशी कारापूरचे एक यजमान मूर्ती बघायला आले. आजोबांच्या काळापासून त्यांचा पाट आमच्याकडे. मी डोळे आखत होतो आणि ते दारातच थबकले.

"कितें हें? डाव्या हातान? देवाचे दोळे?"

बाबा शांतपणे म्हणाले, "या, बसा." मग त्यांना हाताला धरून जनेलाखाली नेलं. "हो मनीस पळयात. राजाचो चितारी. कुंचलो खंयच्या हातान धरला? राजा ह्या हातामुखार बसतालो. राजाक चल्लें, तुमकां चलना?"

"तो किरिस्तांव! ताचें कितें घेवन बसलां?"

"हात किरिस्तांव नासता," बाबा म्हणाले.

यजमान पुटपुटत गेले. चवथीला त्यांनी मूर्ती नेली, दुसरी कुठून आणणार ऐन वेळी? पण बातमी फिरायला कितीसा वेळ लागतो. त्या सालात जो आला त्याला बाबांनी जनेलाखाली उभं करून पात्रांव दाखवला. कोणी हसले, कोणी "असतलें बाबा" म्हणून गेले, काहींना तर कौतुक वाटलं, पुन्हा येताना पोरांना बघायला घेऊन आले. आणि पुढच्या नागपंचमीला पाट आले, पण डोळे परत मीच आखणार हे कळताच आठ घरांनी ते परत नेले. आठ घरं! कारापूरचे यजमान स्वतः आले नाहीत, भाच्याला पाठवलं. बाबांनी प्रत्येक पाट माळ्यावरून काढला, ओल्या फडक्याने पुसला, खडूची खूण पुसली आणि दोन्ही हातांनी दिला. आई आत रडत होती. मी म्हटलं, "बाबा, मी थांबतो. नका करू हे." ते म्हणाले, "राजाचो चितारी थांबलो काय?" आणि माती मळायला बसले.

मोतीबिंदू काढल्यावर त्यांना दिसायला लागलं, तरी डोळ्यांचा कुंचला त्यांनी परत मागितला नाही. एकदाही चांगलं झालं असं मात्र म्हणाले नाहीत. मला त्याचं वाईट वाटायचं, पण मी मनाची समजूत घालायचो, की बाबांनी मला परवानगी कुठे दिली आहे? ती पात्रांवने दिली. बाबा फक्त त्याच्या शब्दाबाहेर गेले नाहीत.

नोकरी लागली. सकाळची बस, पणजी, फायली, संध्याकाळची बस, साखळीपर्यंत उभ्यानेच. पावसाळा सरला की सुर्लाकडून खनिजाचे ट्रक सुरू, मग लाल धुळीत रांगेत बस अडकलेली. अशी दहा-बारा वर्षं गेली. एका वर्षी पात्रांवच्या काचेआड पाणी शिरलं, कोटावर तपकिरी डाग पडले, कसर लागली. आमच्या कचेरीपासून जवळच जुन्या वस्तूंची डागडुजी करणाऱ्या एक बाई बसायच्या, पुण्याकडच्या, बोलायला साध्या. मी पात्रांवला पिशवीत घालून त्यांच्याकडे नेलं.

त्यांनी भिंग लावून बघितलं आणि खूश झाल्या. म्हणाल्या, अठराव्या शतकातलं तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेलं चित्र आहे. या चिताऱ्याला त्याच्या मित्राने रंगात रंगवलं, आणि ते बघून तिसऱ्याच माणसाने पत्र्यावर कोरलं. खाली डावीकडे बारीक अक्षरात रंगवणाऱ्याचं नाव, उजवीकडे कोरणाऱ्याचं. मी मान डोलावत होतो. मग मी अगदी अभिमानाने म्हटलं, "आणि डावरा होता."

"नाही हो," बाई म्हणाल्या. "उजवाच असणार. पत्र्यावर समोरचं बघून कोरलं की छापताना उलटं पडतं. डावं उजवं होतं."

मी म्हटलं, असं कसं? मग खालची अक्षरं उलटी का नाहीत? त्या म्हणाल्या, अक्षरं उलटी दिसली तर चालणार नाहीत, म्हणून ती तो मुद्दाम पत्र्यावर उलटी कोरायचा. चेहरा कुणाला उलटा कळतो? मग त्यांनी पर्समधून छोटा आरसा काढला आणि चित्रासमोर धरला. आरशात पात्रांवने कुंचला उजव्या हातात घेतला होता.

मी आभार मानले. डाग त्या काढून देणार होत्या, मी म्हटलं नको, राहू दे. बसमध्ये पिशवी मांडीवर घेऊन बसलो आणि जो थकवा आला, तसा कधी आला नव्हता. आठ पाट गेले ते कशावर? एका छापखान्याच्या उलटापालटीवर. बाबांनी यजमानांसमोर छातीला हात लावून सांगितलं ते सोळा आणे खोटं. आणि माझा हात? त्याच्या पाठीशी जो एकच माणूस उभा होता, तो उजवा निघाला. आता हे बाबांना कोणत्या तोंडाने सांगू? ते म्हातारे झाले होते, काम सुटलं होतं, भिंतीला टेकून बसायचे आणि येणाऱ्याला अजून पात्रांव दाखवायचे.

मी ठरवलं, सांगायचंच नाही. पण मी दारात पाऊल ठेवलं तर त्यांनी पान लावता लावता विचारलं, "कितें म्हणाली बाय पात्रांवाक पळोवन?"

मला खोटं बोलायलाही त्राण लागतं, ते नव्हतं. सांगून टाकलं. म्हटलं, "बाबा, तो डावरा नव्हता. छापताना चित्र उलटं पडतं."

बाबांनी पानाला चुना लावला. वर बघितलंही नाही. "म्हाका खबर आसा," ते म्हणाले.

"काय खबर आहे?"

"घरा हाडलो त्याच दिसा कळ्ळें. कोटाचीं बटणां पळय ना ताचीं. बायलांच्या झग्यासारकीं उरफाटीं. पोर्तुगेजांचे कोट हांवें कितले पळयल्यात! आनी देवळाचो लाकडाचो शिक्को कोणें कोरलो? हांवेंच न्हू? कोरलेलें उरफाटें पडटा, हें म्हाका कळना?"

मी पिशवी खाली ठेवली. डोकंच फिरलं माझं. "मग त्या दिवशी कदेलीवर चढून एवढा वेळ काय बघत होता?"

"हें लोकांक खपतलें काय ना, तें पळयतालों."

"आणि मला? मला का नाही सांगितलं?" माझा आवाज चढला, आई चुलीपासून बाहेर आली. "बारा वर्षं मला वाटतंय, त्याच्यामुळे तुम्ही मला डोळे दिलेत!"

"लोकांक साक्षीदार लागतालो," बाबा म्हणाले. "म्हाका कित्याक? हांवें तुजो हात भुरगेपणासावन पळयला."

"लहानपणापासून बघत होता, तर एकदा तोंडाने म्हणायचं होतं! एकदा!"

खरंच न कळल्यासारखे ते म्हणाले, "आठ पाट हांवें म्हज्या हातान पुसून दिले, पुता. आनीक कितें म्हणपाचें?"

मला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं आणि त्यांचा गळा धरावासाही वाटला. दोन्हींतलं काही झालं नाही. इतकी वर्षं मी एका परक्या, कधीच्या मेलेल्या माणसाचे उपकार मानत होतो, आणि मला हात देणारा रोज माझ्यासमोर बसून पान लावत होता. मी त्यांच्या शेजारी भिंतीला टेकून बसलो. लावलेलं पान त्यांनी माझ्यापुढे केलं.

"थकलोस रे?" त्यांनी विचारलं.

"थकलों," मी म्हटलं.